फ्लेक्सॅगॉनची जादू करायची असेल तर

फ्लेक्सॅगॉन म्हणजे कागदाची पट्टी दुमडून केलेला सपाट आकार; तो उमलवला की आत दडलेली बाजू समोर येते. षटकोनी असेल तर त्याला हेक्साफ्लेक्सॅगॉन म्हणतात. प्रश्न थोडक्यात असा आहे: सहा बाजूंचा हेक्साफ्लेक्सॅगॉन बनवता येतो, सफाईने फिरवताही येतो. पण छोट्या कार्यक्रमात तो दाखवला की लोक म्हणतात, "वा, मस्त! कसा बनवतात हा?" 'हे झालं कसं?' असं मात्र कुणी विचारत नाही. मग याचा जादूचा प्रयोग कसा करायचा, कागद कोणता घ्यायचा, आणि मोठ्या प्रेक्षकांपुढे हे चालतं का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्या प्रतिक्रियेतच आहे. "कसा बनवतात?" असं विचारणाऱ्याने सगळं श्रेय कागदाला देऊन टाकलेलं असतं. त्याच्या लेखी तुम्ही एक छान खेळणं दाखवलंत, आणि त्याचं काही चुकलेलं नाही. कागद काहीतरी करतोय हे दिसत असलं की जादू संपते. त्यामुळे रस्ते दोनच उरतात. एक तर कागदाचं उमलणं लपवायचं. नाही तर ते राजरोस दाखवायचं आणि रहस्य भलतीकडेच ठेवायचं. बहुतेक जण यातला एकही रस्ता धरत नाहीत. कागद फिरवत राहतात आणि चेहरा गूढ करतात. सातव्या-आठव्या वेळेला प्रेक्षक घड्याळाकडे बघायला लागतो.

दोन्ही रस्त्यांसाठी आधी एक गोष्ट पक्की माहीत हवी, म्हणजे एकदा उमलवल्यावर कागदाचं नेमकं काय होतं. तीन बाजूंचा साधा फ्लेक्सॅगॉन घ्या. एकाआड एक असे तीन कोपरे मागे ढकलून एकत्र आणले की षटकोनाचा मध्य पुढे टोकासारखा येतो आणि तीन पाती तयार होतात. मग त्या मधल्या टोकातून कागद उघडायचा. या एका हालचालीत समोरची बाजू मागे जाते, मागची बाजू आत गडप होते आणि आत दडलेली बाजू समोर येते. फिरवणाऱ्याचं लक्ष नव्या बाजूवर खिळलेलं असतं, म्हणून हा क्रम त्याच्या ध्यानातच येत नाही. जादूगाराला मात्र नवी बाजू दिसण्यापेक्षा मागची बाजू नाहीशी होणं जास्त मोलाचं आहे. समोरची बाजू हरवत नाही, ती फक्त मागे जाते. तिच्यावर प्रेक्षकाने सही केली असेल तर ती सही शेवटपर्यंत शाबूत राहते.

यावरच पहिला प्रयोग उभा आहे. माझ्या मते तीन बाजूंच्या फ्लेक्सॅगॉनचा याहून चांगला उपयोग नाही.

दहा त्रिकोणांच्या पट्टीचा साधा फ्लेक्सॅगॉन करा. दोन बाजू कोऱ्या ठेवा आणि तिसरीवर भाकीत लिहा. समजा एक शब्द, किंवा तुम्ही फोर्स करणार असलेल्या, म्हणजे प्रेक्षकाला नकळत घ्यायला लावणार असलेल्या पत्त्याचं नाव. ती बाजू आत दडवून षटकोन सपाट करा. प्रेक्षकाला तो नुसता षटकोनी कागद म्हणून दाखवायचा. 'घडी घातलेला' म्हणू नका, 'खास' तर अजिबात म्हणू नका. एक बाजू दाखवा: कोरी. पालथा करून दुसरी दाखवा: तीही कोरी. पुन्हा पहिली बाजू वर आणा आणि तिच्या एका त्रिकोणावर त्याला सही करायला सांगा. मग "हा जरा लहान करू" म्हणत तीन कोपरे मागे एकत्र आणा. तीन पाती झाली की ती थांबून दाखवायची नाहीत. लगेच एकमेकांवर पालथी घाला. आता हातात एकच त्रिकोणी पुडी आहे आणि सही बाहेरच्या अंगाला दिसते आहे. पाती कोणत्या क्रमाने टाकली की सही वर राहते ते आधी बघून ठेवा. पुडी प्रेक्षकाच्या मुठीत द्या.

प्रेक्षकाच्या दृष्टीने तुम्ही एका कागदाची घडी करून ती त्याच्या हातात दिलीत, बस. तुम्हाला माहीत आहे की ही पुडी दोन टोकांनी उघडते. ज्या टोकाला कोपरे एकत्र आले तिथून उघडली तर कागद पूर्ववत होतो. ज्या टोकाला आधी षटकोनाचा मध्य होता तिथून उघडली तर भाकिताची बाजू वर येते आणि सही मागे जाते. बंद करताना एका टोकाने, उघडताना दुसऱ्या टोकाने, एवढंच त्यातलं गुपित. कागद उघडल्यावर एका बाजूला त्याची सही आहे, दुसरी बाजू कोरी होती तिथे आता अक्षरं आहेत, आणि मधल्या काळात कागद त्याच्याच मुठीत होता. सही असल्यामुळे 'कागद बदलला' हा पहिला संशय जागीच मरतो.

इथे दोन गोष्टी जपायच्या. तीन बाजूंच्या फ्लेक्सॅगॉनमध्ये कुठल्याही एका वेळी तीन कोपरेच चालतात, उरलेल्या तिघांवर तो उमलत नाही. म्हणून चालणाऱ्या एका कोपऱ्यावर पेन्सिलचा बारीक ठिपका हवा. दुसरं म्हणजे पुडी प्रेक्षकाला पूर्णपणे एकट्याने उघडायला सांगू नका. त्याच्या तळहातावर ती ठेवा, योग्य टोकाची फट तुमच्या नखाने जराशी सैल करा आणि "आता उघडा" म्हणा. सैल झालेल्या टोकाकडेच बोटं जातात. त्याला आठवतं ते एवढंच की कागद त्याने स्वतः उघडला.

कागदाची घडी घालणं ही रोजची कृती आहे, तिच्यात कुणालाच यंत्र दिसत नाही. फ्लेक्सॅगॉन हवेत धरून फुलासारखा उमलवलात तर तेच यंत्र उघडं पडतं. हाच न्याय चौकोनी फ्लेक्सॅगॉनला लागतो. त्याची दुहेरी बिजागरी ही जेकबच्या शिडीच्या (फितींनी जोडलेल्या फळ्यांच्या) खेळण्यात असते तीच आहे, आणि रिचर्ड हिंबरच्या नावाने ओळखलं जाणारं जादूगारांचं पाकीट याच तत्त्वावर दोन्हीकडून उघडतं. पाकीट उघडण्यात कुणाला काय वावगं दिसणार? चौकोनी फ्लेक्सॅगॉन करायचाच असेल तर त्याला शुभेच्छापत्राचं किंवा छोट्या फोल्डरचं रूप द्या आणि ते दाराच्या पाखांसारखं सहज उघडा. त्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं नाही.

आता दुसरा रस्ता. यासाठी तुमचा सहा बाजूंचा फ्लेक्सॅगॉन लागेल, आणि इथे थोडं गणितात शिरावं लागेल. घाबरू नका, सगळं बोटांना कळणारं गणित आहे.

१९३९ साली प्रिन्स्टनमध्ये शिकणाऱ्या आर्थर स्टोन या इंग्लिश विद्यार्थ्याला अमेरिकी कागद त्याच्या फाइलपेक्षा मोठा पडत होता. कडेच्या कापलेल्या पट्ट्या दुमडत बसला असताना त्याच्या हाती हे प्रकरण लागलं. ब्रायंट टकरमन, रिचर्ड फाइनमन आणि जॉन टुकी हे मित्र त्याला येऊन मिळाले. सगळ्या बाजू क्रमाने बघायची पद्धत टकरमनने शोधली: एकाच कोपऱ्याला उमलवत राहायचं, तो उघडेना झाला की शेजारच्या कोपऱ्यावर जायचं. सहा बाजूंच्या फ्लेक्सॅगॉनमध्ये हा फेरा बारा वेळा उमलवल्यावर पुरा होतो. त्यात तीन बाजू प्रत्येकी तीनदा येतात आणि उरलेल्या तीन एकेकदाच. सगळ्या बाजू दाखवण्याच्या नादात जादूगार नेमका हाच फेरा रंगमंचावर करतात. म्हणजे बारापैकी नऊ वेळा प्रेक्षक त्याच तीन रंगांकडे बघत बसतो. टकरमनचा फेरा संशोधकाच्या कामाचा आहे, तो प्रयोगात आणू नका.

आपल्याला हवा आहे तो त्याच फेऱ्यातला फाटा. वारंवार येणाऱ्या तीन बाजूंना मुख्य म्हणू, उरलेल्या तिघींना आडबाजूच्या. मुख्य बाजू समोर आणि मागे असताना सगळे सहा कोपरे चालतात. प्रत्येक वेळी उमलवून झाल्यावर एक कोपरा सरकून पुढच्या वेळी उमलवलं, तर त्याच तीन मुख्य बाजू एकामागून एक फिरत राहतात, कितीही वेळ. कोपरा न सरकवता तिथूनच पुन्हा उमलवलं, तर कागद फाटा बदलतो आणि आडबाजूची एक बाजू समोर येते. डावीकडे सरकलात की उजवीकडे, याने फरक पडत नाही, कारण कोपरे एकाआड एक सारखेच आहेत. फक्त मध्येच कागद पालथा करायचा नाही.

म्हणजे दर पावलाला तुमच्या हातात एक गुप्त निवड आहे, आणि बाहेरून दोन्ही निवडी हुबेहूब सारख्या दिसतात. यावर असा प्रयोग बसवा.

तिन्ही मुख्य बाजूंना लाल, पिवळा, निळा असे सपाट रंग द्या. आडबाजूच्या तिन्ही बाजूंवर एकच चित्र काढा: प्रत्येक त्रिकोणात एक बदाम. षटकोनात सहा त्रिकोण, म्हणजे सहा बदाम, म्हणजे बदाम छक्की. फोर्स करायला यापेक्षा सोयीचा पत्ता फ्लेक्सॅगॉनला सापडणार नाही. छक्की तुमच्या हाताला बसलेल्या पद्धतीने फोर्स करा आणि प्रेक्षकाला पत्ता लक्षात ठेवायला सांगा. मग कागद काढा आणि सगळं उघड करा. "हा कागद तीन रंगांचा आहे, बघा," म्हणत दोन-तीनदा उमलवा, दरवेळी कोपरा सरकवत. लाल, पिवळा, निळा. कसा चालतो ते लपवायचं नाही. कुणी म्हणालं "हां, हा फ्लेक्सॅगॉन आहे," तर उत्तम. "बरोबर, तीन बाजूंचा," एवढंच उत्तर द्या.

आता एकाला एक ते दहामधला कुठलाही आकडा सांगायला लावा. दुसऱ्याला विचारा, "इतक्या वेळा उमलवल्यावर कोणता रंग येईल?" हा दुसरा प्रश्नच सगळं काम करतो. लोक मनात मोजू लागतात, रंगांचा क्रम लावतात, एकमेकांशी पैज मारतात. आता त्यांच्या लेखी कोडं रंगाचं आहे, पत्ता कुणाच्या डोक्यात नाही. तुम्ही मोजत उमलवत जा, दरवेळी कोपरा सरकवत. शेवटच्या आकड्याला कोपरा सरकवू नका. लाल किंवा निळा येणार म्हणून टपून बसलेल्या लोकांसमोर सहा बदाम उमलतात.

आकडा कोणताही आला तरी तुम्ही शेवटच्या पावलाआधी मुख्य बाजूवरच असता, आणि मुख्य बाजूंच्या तिन्ही जागांवरून एकेक फाटा फुटतो. तिन्ही फाट्यांच्या टोकाला बदामच आहेत, म्हणून चुकायला जागा नाही. आकडा 'एक' आला तर मात्र सुरुवातीपासून आडबाजूचा कोपरा कोणता ते माहीत हवं, तेवढ्यासाठी पेन्सिलचा ठिपका ठेवा.

ठिपका पुसला गेला, कागद खिशात फिरला, कुठे आहोत कळेना, तर डोळ्यांवर विसंबू नका, अंगठ्याला विचारा. मुख्य जागांवर एकाआड एक त्रिकोण दोन पदरी आणि चार पदरी असतात. आडबाजूची बाजू समोर किंवा मागे असेल तेव्हा तेच एक पदरी आणि पाच पदरी होतात. एक पदर आणि दोन पदर यांतला फरक चिमटीत लगेच कळतो. थोड्या सरावाने बोलता बोलता, न बघता तपासता येतं. प्रयोग सुरू करण्यापूर्वी कागदावरून अंगठा फिरवायची सवय लावून घ्या.

बदाम आल्यावर काय करायचं? थांबायचं. मागची बाजूही दाखवा, ती तीन रंगांपैकी एक असेल आणि चित्र अधिकच बुचकळ्यात पाडेल. नंतर बोलत असतानाच कोपरा सरकवत आणखी दोनदा उमलवा. बदाम आधी मागे जातात, मग गडप होतात. कागद पुन्हा तीन रंगांच्या फेऱ्यात येतो.

आता कुणीतरी म्हणणारच: "बघू जरा." इथे या प्रयोगातली मला सगळ्यात आवडणारी युक्ती येते. खिशात तोच लाल-पिवळा-निळा असलेला, त्याच आकाराचा, पण खरोखरच तीन बाजूंचा फ्लेक्सॅगॉन ठेवा. प्रेक्षकाच्या हातात तो गेला की त्याने कितीही फिरवावा, तीन रंगांपलीकडे त्यातून काहीच निघणार नाही. फ्लेक्सॅगॉन ओळखणारा हुशार माणूसही इथेच फसतो, किंबहुना जास्तच फसतो, कारण त्याला काय शोधायचं ते माहीत असतं आणि ते सापडत नाही. प्रश्न फक्त जाडीचा आहे. सहा बाजूंच्या कागदात १८ त्रिकोण असतात, तीन बाजूंच्यात ९. म्हणून दुसऱ्यासाठी दुप्पट वजनाचा कागद घ्या: पहिला १०० जीएसएमचा (चौरस मीटरला १०० ग्रॅम) असेल तर हा २०० चा. हातात दोघांची जाडी जवळपास सारखी लागते. अदलाबदल लगेच करू नका. कागद पत्त्यांच्या कॅटबरोबर बाजूला ठेवा, पुढच्या गोष्टीकडे वळा, आणि मागणी आली की मगच 'तोच' कागद काढून द्या. मागणी आली नाही तर देऊ नका. न मागता दिलेली वस्तू लोक दुप्पट बारकाईने तपासतात.

आणखी एक परिणाम आहे आणि तो फारसा कुणी वापरत नाही. बाजू समोरून मागे जाते तेव्हा तिच्या त्रिकोणांचे मध्याकडे असलेले कोपरे बदलतात. म्हणजे षटकोनाच्या मध्याभोवती काढलेलं चित्र मागे गेल्यावर तुकडे होऊन कडेला फेकलं जातं. सहा बाजूंच्या फ्लेक्सॅगॉनमध्ये मुख्य बाजू अशा तीन रूपांत दिसतात आणि आडबाजूच्या दोन, मिळून १५ रूपं. लहान मुलांसाठी यातून 'फाटलेलं चित्र जुळणं' फार छान होतं, आणि त्याला तीन बाजूंचा कागद पुरतो. मध्याभोवती एक हसरा चेहरा काढा आणि उमलवून त्याला मागे पाठवा. तिथे तो विखुरलेला दिसेल. प्रयोगाची सुरुवात या विखुरलेल्या बाजूने करायची: "बघा, याचं काय झालंय!" ती बाजू वर ठेवून उमलवा. वर नवीनच बाजू आली, मुलं ओरडतात की चेहरा गेला. कागद पालथा करा, चेहरा जुळलेला. मुलांना दोन धक्के मिळतात आणि दुसरा आनंदाचा असतो.

याच कारणामुळे बदामाचं चित्र काढताना टोकांची दिशा सांभाळा. आडबाजूची बाजू पहिल्यांदा समोर येते त्याच स्थितीत कागद ठेवून चित्र काढा, सगळ्या बदामांची टोकं मध्याकडे. पट्टी सपाट असतानाच चित्रं काढून मग घड्या घालायला गेलात तर कुठला बदाम कुठे तोंड करेल याचा भरवसा नाही. आधी जोडा, मग रंगवा.

आता कागदाकडे वळू. साधा ८० जीएसएमचा झेरॉक्स कागद सरावाला ठीक, प्रयोगात तो लवकर मरगळतो. सहा बाजूंसाठी १०० ते १२० च्या पुढे जाऊ नका, पाच पदरांच्या जागी कागद फुगतो आणि उमलताना कुरकुरतो. तीन बाजूंसाठी १६० ते २०० छान. आकाराचा हिशेब असा: त्रिकोणाची बाजू ४ सेंमी घेतली तर १९ त्रिकोणांची पट्टी ४० सेंमी लांब होते आणि ए-३ कागदावर बसते, षटकोन कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ८ सेंमी. टेबलाभोवतीच्या चार लोकांना तो पुरतो. मी ६ सेंमीची बाजू पसंत करतो. पट्टी ६० सेंमी लांब आणि साधारण ५.२ सेंमी रुंद, षटकोन १२ सेंमीचा. त्यासाठी मोठी ड्रॉइंग शीट लागते. दोन तुकडे जोडून काम भागवू नका, जोडाच्या जागी एक त्रिकोण जाड होतो आणि अंगठ्याची सगळी गणितं बिघडतात.

घड्यांच्या रेघा संपलेल्या बॉलपेनने, फूटपट्टी धरून ओढा. त्याने कागद कापला जात नाही पण घडी सरळ पडते. मग प्रत्येक रेघ दोन्ही बाजूंना दुमडून नखाने दाबा, एकही सोडू नका. एका दिशेलाच दुमडलेली रेघ ऐन वेळी अडते आणि तुमचा शेवटचा 'सहज' उमलणारा क्षण झटापटीचा होतो. शेवटचा त्रिकोण चिकटवायला ग्लू स्टिक वापरा. पातळ गोंदाने कागद सुरकुततो आणि जरासा बाहेर आला तर शेजारची घडी कायमची बंद. रंगासाठी रंगीत पेन्सिल किंवा सुकणारे मार्कर वापरा, पण मार्कर मागे उतरतो का ते त्याच कागदाच्या कपट्यावर आधी बघा. आडबाजूचे लाल बदाम पिवळ्या बाजूतून अंधूक दिसू लागले तर सगळा प्रयोग वाया. म्हणूनच मी मुख्य बाजूंवर गडद, भरगच्च रंग ठेवतो.

कागद फाटतो तो नेहमी मध्याजवळ, जिथे सहा टोकं एकत्र येतात. तिथे तंतू दिसू लागले की तो कागद सरावात टाका. चिकटपट्टीने डागडुजी केलेला फ्लेक्सॅगॉन लांबूनही 'काहीतरी बनवलेली वस्तू' दिसतो.

हाताळणीत नवशिक्यांची एक खोड असते: उमलवताना कागद स्वतःकडे तोंड करून धरतात, कारण घडी नीट उघडतेय का ते बघायचं असतं. प्रेक्षकांना दिसतात फक्त बोटं आणि कागदाची पाठ. मध्य लोकांच्या दिशेने उघडला पाहिजे, तुम्हाला मागची बाजू दिसली पाहिजे. आरशासमोर कागद छातीच्या उंचीवर धरा, किंचित पुढे कलता, आणि त्याच्याकडे न बघता उमलवा. सुरुवातीला बोटं अडखळतील. शेवटच्या वेळी वेग कमी करा. चित्र अर्धवट उघडं असताना क्षणभर थांबलात तर लोक स्वतःहून पुढे झुकतात.

बोलण्याबद्दल सल्ला कमीत कमी देतो, कारण ते ज्याचं त्याने शोधायचं. फक्त 'हा कागद कधीच संपत नाही' छापाची वाक्यं गाळा. तशी वाक्यं पुन्हा लक्ष कागदाकडे वळवतात. सहा बाजू आहेत हे सांगायचंच नाही. सगळ्यात जास्त फुकट जाते ती हीच माहिती. बनवणारा अभिमानाने "याला सहा बाजू आहेत!" असं सांगून मोकळा होतो आणि आपल्या हातातली तिन्ही गुपितं सुरुवातीलाच वाटून टाकतो.

राहिला मोठ्या प्रेक्षकांचा प्रश्न. कागदी फ्लेक्सॅगॉन दहा-बारा लोकांपलीकडे नेऊ नका. मागच्या रांगेला रंग दिसेल, बदाम दिसणार नाहीत. मोठा हवा असेल तर कागद सोडा. मार्टिन गार्डनरला, जो स्वतः हौशी जादूगार होता आणि जादूच्या मासिकांत लिहायचा, फ्लेक्सॅगॉनची ओळख करून दिली ती रॉयल व्हेल हीथ या दुसऱ्या हौशी जादूगाराने, आणि त्याने दाखवलेला फ्लेक्सॅगॉन मोठा आणि कापडाचा होता. गार्डनरने मग प्रिन्स्टनला जाऊन माहिती काढली आणि डिसेंबर १९५६ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यावर लेख लिहिला. त्यातूनच पुढच्या महिन्यापासून त्याचं गणिती खेळांचं सदर सुरू झालं. म्हणजे गणिताच्या वाचकांपर्यंत ही वस्तू पोचली ती जादूगाराच्या हातून, हे आपल्या मंडळींनी विसरू नये.

कापडाचा करायचा तर पुठ्ठ्याचे त्रिकोण कापून घट्ट विणीच्या पातळ कापडाच्या दोन पट्ट्यांमध्ये बसवा आणि दोन त्रिकोणांमध्ये फट ठेवा. तीन बाजूंसाठी दोन-तीन मिलिमीटर पुरतात. सहा बाजूंना पाच पदर वळवायचे असतात, तिथे पुठ्ठ्याच्या जाडीप्रमाणे फट वाढवत जावं लागतं आणि वजनही हाताला जाणवतं. म्हणून स्टेजवर मी तीन बाजूंचाच घ्या म्हणेन, आणि त्यावर तुटलेला चेहरा जुळवण्याचा प्रयोग करा. तो शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो आणि त्याला पत्त्यांची गरज नाही. त्रिकोणाची बाजू २५ सेंमी धरलीत तर षटकोन अर्ध्या मीटरचा होतो. तेवढा उमलवायला दोन्ही कोपर शरीरापासून लांब लागतात, आणि घट्ट बाह्यांचा कोट त्यात आडवा येतो. सराव प्रयोगाच्याच कपड्यांत करा.